शेवाळाचं सूप

कालगुर्ली,
१२ ऑगस्ट २०२४

चि. हृषीकेश यास आशीर्वाद. वि. वि.

विमान पर्थला वेळेवर उतरलं, तिथून इथेही नीट पोचले. कौमुदी हॉस्पिटलातून सुट्टी काढून घ्यायला आली होती. तुझे अकरा फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. तिच्याकडून, सख्ख्या बहिणीकडून, निरोप पाठवूनही उपयोग नाही. फोनवर तू फार सफाईने खोटं बोलतोस, म्हणून आता कागदावर बोलून दाखव.

चार महिने दर शनिवारी तू मला तुझ्या ऑफिसातल्या जपानी हारुएच्या घरी जेवायला नेलंस. मला तिथलं सगळं आवडलं होतं. या देशात कोणीतरी एकदाचं जमिनीवर बसून जेवतं, जेवणाआधी हात जोडतं, वाटीत एक शीत टाकत नाही! हारुएबाईंनी मला हिरवा चहा घुसळायला शिकवलं, मी त्यांना पुरणपोळी लाटायला. आणि दर शनिवारी ते सूप प्यायले. पहिल्याच दिवशी मी तुला विचारलं होतं, यात काय आहे. तू म्हणालास, शेवाळ आहे गं, समुद्रातली भाजी.

परवा तिथेच जेवताना तुमच्या ऑफिसातल्या सावनीने चारचौघांत माझं कौतुक केलं, की काकू किती मॉडर्न, या वयात फिश स्टॉकपण चालतो त्यांना. हारुएबाईंना तर तू सांगून ठेवलं होतंस की आई मासे खाते. खरं कळलं तेव्हा त्या बिचाऱ्या कमरेत वाकून माझी माफी मागत राहिल्या. तू मान खाली घालून सुपातल्या शेवया शोधत होतास.

तू सात वर्षांचा असताना तुला मेंदूज्वर झाला. डॉक्टरांनी हात टेकले होते. मी अलिबागची, माशाशिवाय घास उतरत नसे माझा. देवीपुढे बोलले, याला जगव, मी जन्मात मासा तोंडात घालणार नाही. हे तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. चौतीस वर्षं पाळलेलं तू एका वाटीत बुडवलंस.

व्हिसा ऑक्टोबरपर्यंत आहे, तेवढे दिवस इथेच काढीन. तुझ्या घरी पाऊल ठेवणार नाही.

लोभ असावा असं दरवेळी लिहिते. आज हात वळत नाही.

आई


कॅसल हिल,
२० ऑगस्ट २०२४

ती. आईस सा. न. वि. वि.

खोटं बोललो. मान्य. पण आता माझंही ऐक, कारण मलाही राग आहे आणि तो तुझ्या रागाहून जुना आहे.

तुला नवस बोलायला मी सांगितलं नव्हतं. त्यानंतर घरी तू सुरमई तळायचीस, काटे काढून माझ्या पानात वाढायचीस आणि स्वतः ताकभात घेऊन बसायचीस. आल्यागेल्याला सांगायचीस, याच्यासाठी सोडलं हो. प्रत्येक घास तुझ्या तोंडचा काढून खातोय असं वाटायचं मला. एक्केचाळिसाव्या वर्षीही हॉटेलात मासे मागवताना आधी तू डोळ्यांसमोर येतेस. याला जगवणं म्हणतात का?

पहिल्या शनिवारी हारुएने मला विचारलं, आईंना मासे चालतात ना. मी नाही म्हणणारच होतो. तोवर तू एक घोट घेतला होतास आणि तुझे डोळे मिटले होते. तुझा असा चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता. हारुएला मी हो म्हणून टाकलं. मग तू विचारलंस, आणि मी शेवाळ म्हणालो. तो चेहरा पुन्हा दिसला तर पुन्हा तेच म्हणेन, हे आता कागदावर खरंखरं सांगतो.

शिव्या दे, पण लिही. लोभ उरला असेल तेवढा असू दे.

तुझा,
हृषी


कालगुर्ली,
२९ ऑगस्ट २०२४

चि. हृषीकेश यास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा फाडायला घेतलं, कौमुदीने हातातून काढून घेतलं. इतकं तोंडावर मला आजवर कोणी बोललं नव्हतं. आल्यागेल्याला सांगायचे हे खरं आहे. सोडणं जड जायचं, कोणी वाहवा केली की जरा हलकं वाटायचं. तुझ्या पानातला घास त्याने कडू होत असेल हे मनात आलं नाही. ती माझी चूक.

पण मला मूर्ख समजू नकोस. बोंबील वाळत घातलेल्या अंगणात मी वाढले. सुक्या माशाची चव मला कळणार नाही? पहिल्या घोटालाच कळली. तू शेवाळ म्हणालास आणि मी ते मानून घेतलं, कारण वाटी खाली ठेववत नव्हती. निर्लज्जासारखी शनिवारची वाट पाहायचे. हारुएबाई माझ्यापुढे वाकल्या तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना वेगळं पत्र लिहिलं आहे. तुझ्यावर ओरडणं त्यामानाने सोपं होतं.

नवस मोडल्याची शिक्षाही भोगली. रोज तू ऑफिसातून आलास की मी तुझ्या कपाळाला हात लावायचे. तुला वाटायचं, आई लाड करते. ताप बघत होते मी. तू शिंकलास तरी रात्री दोनदा उठून तुला बघून जायचे, आणि पुन्हा शनिवारी तुझ्याआधी चपला घालून तयार.

तर आता नीट ऐक. सगळ्या तपासण्या करून घे, रक्ताच्या, डोक्याच्या, सगळ्या. रिपोर्ट इकडे पाठव. कौमुदी वाचून सांगेल, तुझ्या शब्दावर माझा विश्वास नाही. त्यात काही निघालं नाही तर मिळेल त्या पहिल्या विमानाने मी येते, आणि हारुएबाईंना म्हणावं, माझी वाटी काठोकाठ भरा.

लोभाचं रिपोर्ट आल्यावर बघू.

आई