आमचं माणूस येतंय

शनिवार, ४ तारीख

पोचलो एकदाचे! विमानातून उतरल्यापासून धाकटीचं तोंड मिटलेलं नाही. दिसेल ते वाचायचं, दिसेल त्याचा फोटो काढायचा, आणि मला कोपराने ढोसत राहायचं, ताई हे बघ, ताई ते बघ. माझी पाठीवरची सॅक बघून म्हणाली की तू गॅसचं सिलिंडर घेऊन निघाल्यासारखी दिसतेस. तिची सॅक चिमुकली, कारण तिचे निम्मे कपडे माझ्या सिलिंडरात आहेत.

एवढी वर्षं शाळेत भूगोल शिकवते आणि स्टेशनातून बाहेर पडल्याबरोबर उलट्या दिशेला चालायला लागले. धाकटी रस्त्यातच पोट धरून हसत बसली. हॉस्टेल सापडलं तेव्हा पायांचे तुकडे पडायचे बाकी होते. खोली अरुंद पण स्वच्छ आहे. तीन पलंग, त्यातला एक रिकामा, आणि खिडकीबाहेर समोरच्या लाँड्रीची वाफ.

आईला फोन केला. तिचं एकच पालुपद. दोघी गेलात तशा दोघी परत या, आणि हिला एकटी सोडू नकोस. मी म्हटलं, अगं आई, ती आता नोकरीला लागणार, कुक्कुलं बाळ नाही. पण शब्द दिला. आईला शब्द दिल्याशिवाय ती फोन ठेवत नाही.

रविवार, ५

सकाळी मोठ्या उत्साहाने म्युझियम गाठलं तर दारावर कुलूप. दुरुस्ती चालू आहे म्हणे. धाकटीचा चेहरा पडला, म्हणून शहर दाखवणाऱ्या दुमजली बसचं तिकीट काढलं. वर छप्पर नाही, सगळं शहर उघडं दिसतं. अगदी पुढे तिघांचा बाक होता, तो आम्ही पटकावला. सॅका ठेवून ऐसपैस बसता यावं म्हणून मी तिसऱ्या जागेवर माझा निळ्या काठाचा रुमाल टाकला. हातच गेला तसा. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात घरी माझा हात कुणी धरत नाही.

तिकीट तपासणारी बाई आली, करड्या कोटातली. ही जागा कुणाची, तिने विचारलं. मी बेधडक ठोकून दिलं की आमचं माणूस येतंय, खाली पाणी आणायला गेलंय. ती हसली नाही. नक्की येणार का, असं विचारलं. मग विचारलं की परत जाताना त्या माणसाला सोबत नेणार ना. काय तरी प्रश्न! भाषेची अडचण असणार. मी हो हो म्हणून मोकळी झाले, आणि धाकटीने हसू दाबायला तोंड फिरवलं.

बस सुटता सुटता एक बाई जिना चढून आली. माझ्याच वयाची, माझ्याच अंगकाठीची, पाठीवर विटलेली सॅक. सरळ आमच्या बाकाकडे आली, रुमाल उचलला, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला आणि बसली. चक्क आपल्या भाषेत म्हणाली की बरं झालं बाई जागा धरलीत, किती दिवसांत कुणी धरलीच नव्हती. मी काहीतरी बोलणार होते, पण करड्या कोटातली बाई बघत होती. खोटं बोलले हे कुठल्या तोंडाने सांगणार? मी सरकून घेतलं.

धाकटीला तर आपल्याकडचं कुणी भेटल्याचा केवढा आनंद. दिवसभर दोघींच्या गप्पा. मी तिचं नाव पाहुणी ठेवलंय.

सोमवार, ६

पाहुणी आमच्याच खोलीत आहे. काउंटरवरच्या मुलाला मी खुणावून विचारलं, तर तो म्हणाला की तुमच्या तिघींचंच बुकिंग आहे. रिकामा पलंग तिचा झाला.

नदीकाठी फिरायला गेलो. पाहुणीला सगळे रस्ते पाठ आहेत, त्यामुळे आज आम्ही कुठे चुकलो नाही. चुकले ती मी एकटीच. चप्पल चावली म्हणून पट्टी लावायला वाकले, मान वर केली तर दोघी गायब. फोन केला तर धाकटी म्हणाली, अगं तू मागे आहेस हे लक्षातच आलं नाही. चिडून धावतपळत त्यांना गाठलं. मग फुटपाथवर बसून दोघींनी आईने दिलेला खाऊचा डबा उघडला. झाकण कसं दाबून उघडायचं हे घरच्या माणसालाच ठाऊक आहे. पाहुणीने ते एका झटक्यात उघडलं.

मंगळवार, ७

भुयारी रेल्वेचं दार माझ्या नाकासमोर बंद झालं. काचेआडून पाहुणी शांतपणे बघत होती. धाकटी तिला फोटो दाखवत होती, तिने वळूनही पाहिलं नाही. विचारत विचारत हॉस्टेलवर आले तर माझं किल्लीचं कार्ड चालेना. काउंटरवरच्या मुलाने दुसरं करून द्यायला नकार दिला. खोलीत सगळे आहेत, म्हणाला.

धाकटी खोलीतून बाहेर आली तेव्हा मी तिला कोपऱ्यात घेऊन स्पष्ट सांगितलं की ही बाई आपली कुणी नाही, तिला आत्ताच्या आत्ता वाटेला लावू. ती दचकली. म्हणाली की ताई, कमाल करतेस, अगं आपल्याच मावशीची मुलगी ती, माझ्या कपाळावरची खूण तिने दिलेल्या झोक्यावरून पडल्याची आहे. तो झोका मी देत होते. खाली पडल्यावर तिला उचलून दवाखान्यात मी पळाले होते.

मला भीती वाटतेय. इथे लिहिते, कारण बोलायला कुणी नाही.

बुधवार, ८

आईचा फोन. आधी पाहुणीची चौकशी. तिचं पोट बरं आहे का, तिला थंडी बाधते, शाल दे. मग धाकटीची. माझी नाही. मी फोन ओढून घेतला, म्हटलं, आई, मी बोलतेय. मग आईने अगदी परक्यासारखं विचारलं की आपण कोण बोलताय.

परवाचे फोटो पाहिले. नदीकाठच्या फोटोत दोघी आहेत, धाकटी आणि पाहुणी. मी होते तिथे कठडा दिसतो.

गुरुवार, ९

बसच्या थांब्यावर करड्या कोटातल्या बाईला गाठलं. हात जोडले. म्हटलं, मी खोटं बोलले होते, आमचं कुणीच येणार नव्हतं, ती जागा परत घ्या. तिने ऐकून घेतलं. राग नव्हता तिच्या बोलण्यात, तेच जास्त वाईट. म्हणाली की तुम्ही बोलावलंत, ती आली. सोबत नेऊ म्हणालात, आता ती जाणार. पण आलात दोघी, म्हणजे जाणार दोघीच.

मग कोण राहणार, मी विचारलं. ती पुढच्या माणसाचं तिकीट बघायला लागली.

शनिवार

आज परतीचं विमान. पासपोर्ट माझ्या सॅकेत नाही. सॅकसुद्धा माझी नाही — विटलेली, तिची. सिलिंडर तिच्या पाठीवर.

विमानतळाच्या बसमागे धावले. चढले. धाकटी खिडकीशी एकटी बसली होती. शेजारच्या जागेवर माझा रुमाल, निळ्या काठाचा.

मी बसायला गेले, तर तिने रुमालावर हात ठेवला आणि तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली की जागा धरलेली आहे, आमचं माणूस येतंय. मी ओरडले, अगं, मी! मी आहे तुझं माणूस! आपली भाषा ऐकून तिचा चेहरा खुलला. किती गोड हसली. म्हणाली की अय्या, तुम्ही आपल्याकडच्या का?

तुम्ही.

पाहुणी आली. मला ओलांडून बसली. विमानतळावर उतरताना मान खाली घालून एवढंच म्हणाली की माझीपण आई म्हातारी होती हो.

दोघी गेल्या. आईला दिलेला शब्द पाळला गेला.

बहुधा मंगळवार

रडून झालं. पोलिसांकडे गेले — बोलतात, पण माझ्या मागे उभ्या असलेल्याशी. घरचा नंबर आठवतो. लावत नाही. आईचा तो आवाज पुन्हा ऐकवणार नाही.

रोज बसच्या खालच्या मजल्यावर बसते. कुणी तिकीट मागत नाही. धाकटीचा चेहरा आठवून बघते रोज. आज खूण डाव्या बाजूला की उजव्या —

वार माहीत नाही

सगळ्या भाषा ऐकू येतात. आपली नाही. या शहरातले लोक जागा धरत नाहीत. येतात, बसतात, उठतात. रुमाल कुणी टाकत नाही. आपल्याकडचंच कुणी यायला हवं —

काय लिहिलं मी हे. देवा, कुणी येऊ नये. कुणीसुद्धा येऊ नये.

आज

वरून आवाज. आपली भाषा!

आई आणि मुलगी आहेत. मुलगी धाकटीच्या वयाची, तशीच खिदळतेय. आईचे पाय दुखताहेत, मुलगी म्हणतेय, पाय वर घेऊन बस. जिन्यातून दिसतं — पुढचा बाक — तिसऱ्या जागेवर ओढणी टाकली.

करडा कोट वर गेला.

मी ओरडायला हवं. बाई, ओढणी उचला, खरं सांगून टाका. मुलगी आहे तुमची. ओरडते. आत्ता ओरडते —

मुलगी हसत सांगतेय, आमचं माणूस येतंय.

हात सॅकेकडे गेला. पाठीवर घेतली. माझा त्यांच्यावर काही राग नाही, हे लिहून ठेवते. त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. मला नुसतं घरी —