'नशा करत नाही' ही ओळ

गुरुवार, संध्याकाळ. सर्जापूर रोड, बंगळूर.

निखिलचा पुन्हा मेसेज. "सर, तेवढा रिव्ह्यू काढा ना." का काढू?

गेल्या शनिवारी दुपारी त्याला एस्कॉर्ट ॲपवरून पैसे देऊन घरी बोलावलं. तिशीतला, नागपूरचा. प्रोफाइलवर पहिलीच ओळ, 'नशा करत नाही'. त्या ओळीमुळेच निवडला. धंद्यातले नशेडी मला घरात नकोत, किळस येते. मी ओढतो ते वेगळं. मी फक्त शनिवारी ओढतो आणि सोमवारी अख्खी टीम सांभाळतो.

गांजा भरलेली सिगरेट पुढे केली तर म्हणाला, "नको सर, मला झेपत नाही." मी म्हटलं, एकट्याने ओढण्यात मजा नाही, आणि दार तिकडे आहे. त्याने दाराकडे बघितलं, मग सिगरेट घेतली. तिसऱ्या झुरक्याला पांढराफटक. बाथरूममध्ये जाऊन ओकला. माझी दुपार फुकट.

मग फरशी पुसत बसला. मी सांगितलं नव्हतं. का पुसली असेल? तो आत पुसत होता तेवढ्यात मी बाहेर बसून रिव्ह्यू टाकला, 'नशा करतो. सावध राहा.' खोटं काय आहे त्यात?

आज तो लिहितो, "तुम्हीच दिली होती, सर. आता कोणी बोलवत नाही."

मी लिहिलं, तू नको म्हणायचं होतंस.

"म्हटलं होतं, सर."

ब्लॉक केला. परवासाठी दुसरा बघून ठेवलाय. त्याच्याही प्रोफाइलवर तीच ओळ आहे.