रकान्यात न बसणारं काम

प्रिय बाळ्या,

ऑफिसात तू 'उपअधीक्षक साहेब' असतोस. हे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवते आहे, तेव्हा बाळ्याच. भावजयीने सांगितलेल्या कोऱ्या वह्या बांधून तयार आहेत, आईचा गुडघा बरा आहे, आणि मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे. तिन्ही बातम्या खऱ्या आहेत.

तुझं परिपत्रक मिळालं. मिळालं कसलं, आम्हीच छापलं! रुग्णालयाच्या छपाई विभागाने पंधरा दिवसांत आपली उपयुक्तता सिद्ध करावी, नाहीतर काम बाहेरच्या छापखान्याकडे जाईल. साठ प्रती, खाली तुझी सही. बैठकीची तारीख तू रविवारची टाकली होतीस. मी तुझ्या कारकुनाला फोन केला, तेव्हा कळलं की बुधवार हवा होता. दुरुस्त केलं आणि छापलं. आपल्या फाशीचा दोर आपणच वळला, वर त्यातला गुंताही सोडवून दिला. आमचा मशीनवाला, ज्याला तुम्ही सगळे शाईनाना म्हणता, तो एवढंच म्हणाला की ताई, कागद जरा जाड लावू, साहेबांची सही उठून दिसेल.

सोबतचा तुझा तक्ता घेऊन मी तीन दिवस बसले. किती पानं, किती शाई, किती तास, किती माणसं. सगळं भरलं. 'पकडलेल्या चुका' असा रकाना मात्र तुम्ही ठेवलेला नाही. ठेवणार तरी कसा? आम्ही कधी कुणाला काही सांगितलंच नाही. तोंड मिटून काम करणं म्हणजे चांगलं काम करणं, अशी माझी समजूत होती. चुकलेच मी.

आता ऐक. नवा फॉर्म आला की शाईनाना मूळ कागद मोठ्याने वाचतो, मी छापलेल्या नमुन्यावर पट्टी धरून ओळ ओळ पाहते, आणि आमची बायंडर डिंकमावशी घड्या घालता घालता ऐकते. तिला ऐकायला कुणी सांगितलेलं नाही. पण तिची दोन्ही बाळंतपणं इथे झाली, नवरा इथे तीन महिने पडून होता; कुठल्या वॉर्डात काय चालतं ते तिला तोंडपाठ आहे. काही खटकलं की तिचे हात थांबतात. मग मी तो नमुना उचलते आणि ज्याचा त्याला नेऊन दाखवते. तो लाल पेनाने दुरुस्त करतो, सही करतो, आम्ही छापतो आणि तो नमुना माझ्या फाईलला लागतो. बोभाटा नाही. ऑपरेशनच्या संमतीपत्रात डावं-उजवं लिहायची जागाच राहिली होती. रक्तपेढीच्या चिठ्ठ्यांचे रंग उलटसुलट झाले होते. मोठमोठ्या लोकांच्या सह्या आहेत त्या नमुन्यांवर. बाहेरचा छापखाना तुम्ही पाठवाल ते छापेल, सुबक छापेल. माणसं वाईट नाहीत ती. त्यांच्याकडे डिंकमावशी नाही, एवढंच.

परवा जिन्यात तू मला बाजूला घेऊन म्हणालास, ताई, तू काळजी करू नकोस, रेकॉर्ड रूममध्ये तुझी सोय करतो. तुझी माया मला कळली रे, पण रागही तितकाच आला. सोय फक्त माझी? शाईनाना या वयात कुठे दार ठोठावणार? मावशीला दारात कोण उभं करणार? तुझी रेकॉर्ड रूम तुलाच लखलाभ. लहानपणी तुझ्या गणितातली चूक दाखवली की तू वही हिसकावून पळायचास आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप खोडून आणायचास. मला तेव्हा हसू यायचं.

नऊ वर्षांपूर्वी मात्र हसू आलं नव्हतं. तेव्हा मुलांच्या वॉर्डाचा डॉक्टर तूच, आणि त्या वॉर्डासाठी तू तापाच्या औषधाचा तक्ता केला होतास, डावीकडे वजन, उजवीकडे मात्रा. प्रत्येक खाटेशी लावायचा होता, दोनशे प्रती. उजवीकडचे आकडे एक ओळ वर सरकले होते, म्हणजे प्रत्येक मुलाला त्याच्याहून वजनदार मुलाची मात्रा. मूळ कागदच चुकीचा, तेव्हा माझ्या पट्टीला काय दिसणार? मावशीचा नातू तेव्हा त्याच वॉर्डात होता. ती म्हणाली, अहो ताई, आमच्या तान्ह्याला तर याच्या निम्मं देतात. मी नमुना घेऊन तुझ्याकडे आले. तू दोन पेले पाणी प्यायलास, दुरुस्ती केलीस, सही केलीस आणि म्हणालास, ताई, कुणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं. मावशीनेही नाही. आज सगळं रुग्णालय त्याला 'डॉक्टरसाहेबांचा तक्ता' म्हणतं, आणि तुझी वाटचाल तिथून सुरू झाली. मला त्याचा अभिमानच आहे, अजूनही.

बुधवारी मी त्या नमुन्यांची फाईल टेबलावर ठेवणार आहे. एक्केचाळीस नमुने, लाल पेनासकट, सह्यांसकट. ज्याला राग येईल त्याला येऊ दे. तुझा नमुना बेचाळिसावा. बाकीच्यांपुढे तोच सगळ्यात वजनदार, हे मला कळतं, आणि तो नसेल तर आम्ही कदाचित हरू, हेही कळतं. पण शब्द दिला होता. म्हणून तो फाईलमधून काढून या पाकिटात घातला आहे. हाच एकमेव आहे. माझ्या खोलीत प्रती काढायची चार यंत्रं आहेत, तरी मी प्रत काढलेली नाही. फाडलास तर कुणाला कळणार नाही. मी विचारणारही नाही. फक्त बैठकीला दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. तू स्वतः ये, शाईनाना आणि डिंकमावशीच्या समोर बस, आणि त्यांच्या डोळ्यांत बघून विचार, की तुमचा उपयोग काय.

तुझीच, शब्द पाळून बसलेली,
ताई