थोरल्यास पाणी

३ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा अधूनमधून बोलतो, पण ती त्याच्याहून जास्त बोलते, म्हणून काळजी नाही. तू पाठवलेला चष्मा तिला बसला. नाकावरून घसरतो म्हणते. पण मान खाली घालून चष्म्यावरून सगळ्यांवर नजर ठेवायची म्हटल्यावर तो घसरणारच. मला पाठवलेलं भिंगही मिळालं. सोबत चिठ्ठी नव्हती. डबीतला कापूससुद्धा उचकटून पाहिला. नव्हती तर नव्हती.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर "दुकानात गिऱ्हाईक आहे" म्हणतोस. चष्म्याच्या दुकानाला एवढी गिऱ्हाइकं खरंच असती तर एव्हाना तुझ्या सगळ्या गावाला स्वच्छ दिसायला लागलं असतं. म्हणून पत्र. पत्राला गिऱ्हाइकाचं कारण सांगता येत नाही.

कामाचं सांगते. आमच्या संग्रहालयात जुन्या राजाचं नवं दालन उघडणार आहे. त्याची नाणी, ढाल, किल्ल्याच्या दाराची कडी, सगळं मांडून झालं. राहिली आहे ती शेवटची पाटी: राजा कसा मेला. ती लिहायचं माझ्याकडे आलं. तसं लिहायचं काही नव्हतंच. धाकट्या भावाने मारलं, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. आमचे सर, म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख, म्हणालेच, "नवीन काही शोधत बसू नका बाई. खून आहे म्हणून तर लोक त्या पाटीपाशी थांबतील. आजारपण वाचायला कोण थांबतं?"

तरी मी मुळापासून वाचायला घेतलं. तू लहानपणी मला चौकशी म्हणायचास ते काही उगाच नाही.

राजाच्या मरणाबद्दल त्या काळचे दोघेच बोलतात. एक त्याच्याच दरबारचा बखरकार. तो सांगतो, शिकारीत घोडा कोसळला, महाराजांच्या पोटाला जरा लागलं, आणि पुढे काही दिवसांनी महाराज झोपेतच गेले. चेहरा शांत होता. दुसरा शेजारच्या शत्रूच्या पदरचा. तो सांगतो, धाकट्याने राजाच्या खोलीचं दार अडवून धरलं, राणीच्या हातचा पेलासुद्धा दारातून परत पाठवला, आणि राजा गेला. त्यावरून त्याने ठरवलं, विष. स्वतःचा पेला आत, बाकीच्यांचे बाहेर.

बखरकाराचं काय खटकलं ते सांगते. हत्ती आजारी पडला तर हा माणूस त्याचं औषध पानभर लिहितो. महालात नवा पडदा लागला तर त्याचा रंग लिहितो. आणि राजाचं मरण एका ओळीत उरकतो. एवढा बोलका माणूस अचानक थोडक्यात आटपतो, तेव्हा त्याला तेवढंच सांगायला सांगितलेलं असतं. बखर लिहवून घेतली ती धाकट्यानेच, गादीवर आल्यावर. म्हणून सगळे म्हणतात, बघा, लपवलं. मीही इतकी वर्षं तेच म्हणत आले. या वेळी शेवटचं पान नीट वाचलं. बखर पुरी झाल्यावर ती राजमातेला वाचून दाखवली, असं तिथे लिहिलंय. म्हणजे दोघांची आई तेव्हा होती. ऐकत होती.

हे वाचून मी बखर मिटली आणि तिसऱ्या साक्षीदाराकडे गेले.

तिसरा साक्षीदार म्हणजे एक दगड. आमच्या मागच्या आवारात भिंतीला टेकून उभा असतो आणि त्याला शिपाई सायकली टेकवतात. धाकट्याने राज्यभर रस्त्यांच्या कडेने विहिरी खोदल्या, त्यातल्या पहिल्या विहिरीवरचा हा लेख. विहीर लवकरची, पण दगड फार उशिरा बसवलेला आहे, राजमाता गेल्यानंतर. त्यावर दोनच ओळी आहेत. वरची, "थोरल्यास पाणी पाजिले". खालची, "हे पाणी सकळांस".

झालं. सगळा खटला याच्यावर उभा आहे. पाणी पाजणं म्हणजे हरवणं, चारी मुंड्या चीत करणं; तेव्हाही हाच अर्थ होता. थोरल्याला पाणी पाजलं, घ्या, आता तुम्हीही प्या. भावाला संपवून वर फुशारकी मारणारा राक्षस, असं आमच्या क्षेत्रातल्या एका मोठ्या विद्वानांनी लिहून ठेवलं, आणि पुढच्या सगळ्यांनी त्यांचं पुस्तक वाचलं. दगड कुणी वाचला नाही.

वरच्या ओळीच्या शेवटी दगडाचा टवका उडालाय. मी सायकली बाजूला केल्या आणि तुझं भिंग घेऊन उकिडवी बसले. ऊन तिरपं होतं. तशा उन्हात कोरलेलं चांगलं दिसतं. "पाजिले"च्या पुढे, अगदी फुटक्या कडेला, एक बारीक गाठ आहे. 'न'ची गाठ. तिच्यापुढे काना होता की नुसताच चरा, कळत नाही. पण गाठ आहे. बोट फिरवलं की लागते.

थोरल्यास पाणी पाजिले ना–

पाजलं नाही, दादा. हरवण्याबिरवण्याचा काही संबंधच नाही. भावाला पाणी दिलं नाही, असं म्हणतोय तो.

आई हाक मारतेय. उद्या पुढचं लिहिते.


४ नोव्हेंबर, सकाळ

काल पत्र अर्ध्यावर टाकून उठले ते बरं झालं. आई काय म्हणाली ते सांगायचंय, पण आधी राजाचं पुरं करते. मला क्रमाने गेल्याशिवाय धीर होत नाही.

गाठ सापडल्यावर गेल्या आठवड्यातच मी त्या काळच्या वैद्यकाच्या पोथ्या काढल्या. पोटाला मार बसून आत काही फुटलं असेल तर रोग्याला पाण्याचा थेंब देऊ नये, ओल्या फडक्याने ओठ तेवढे पुसावेत, तो कितीही मागो. 'कितीही मागो' असंच लिहिलंय. म्हणजे मागत असत.

तेव्हा शत्रूकडचा माणूस खोटं बोलला नव्हता. पेला खरोखरच परत गेला. दाराशी उभ्या असलेल्या कुणीतरी पाहिलं, कुणालातरी सांगितलं, आणि ते सरहद्द ओलांडून त्याच्या कानावर गेलं. तपशील खरा होता. अर्थ तेवढा त्याने स्वतःच्या घरून आणला.

मी सरांना दगडापाशी घेऊन गेले. त्यांनी भिंगातून पाहिलं, बोट फिरवलं, रुमालाने बोट पुसलं.

"एका गाठीवर तुम्ही राजाचा मृत्यू बदलणार?"

"राजा मेलाच आहे सर. बदलतोय तो भाऊ."

"पण पाणी दिलं नाही हे तर कबूल ना? मग मारलं काय आणि तहानेलं ठेवलं काय."

मी म्हटलं, "मरणाऱ्याला कुणी पाणी नाकारत नाही सर. जगेल असं वाटतं, त्यालाच नाकारतात."

हे मी कुठे वाचलेलं नव्हतं. तोंडातून गेल्यावर मला कळलं, मी कुणाबद्दल बोलतेय. माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे, सर एकदम म्हणाले, "बसा जरा. पाणी आणायला सांगू का?" मला हसू आलं. ते फार वेळ हसू राहिलं नाही.

आता आपलं.

बाबांच्या आतड्याला पीळ पडला तेव्हा मी परगावी परिषदेत होते. पोचले तर त्यांच्या चेहऱ्यावर चादर होती आणि तू दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होतास. म्हणालास, "झोपेत गेले. त्रास झाला नाही." आईला तेच, आत्याला तेच, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच. एक शब्द इकडचा तिकडे नाही. साधी बस चुकल्याची हकिकत सांगायला तू अर्धा तास घेतोस, दादा. मी पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा "किती वेळा सांगू तुला" म्हणून उठून गेलास, आणि त्यानंतर घरी आलाच नाहीस.

पुढे आत्या आली. बाबांच्या शेजारच्या खाटेवर ज्यांचा नवरा होता, त्या बाई तिला कुठेतरी भेटल्या होत्या. "हात जोडत होता म्हणे माझा भाऊ, घोटभर पाण्यासाठी," आत्या म्हणाली, "आणि पोटचा पोरगा ग्लास बाजूला सारत होता." हे आईसमोर. आई वाटाणे सोलत राहिली.

"डॉक्टरांनी बंद केलं होतं आत्या," मी म्हटलं.

"एका घोटाने काय होणार होतं गं?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. हा प्रश्न तू रोज ऐकत असशील, आत्या समोर नसतानाही, हेही सुचलं नाही.

मग उन्हाळ्यात मी तुझ्या दुकानी आले होते. तू जेमतेम बोललास, म्हणून मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून नुसती बघत होते. दारातून येईल त्याच्यापुढे तू आधी पाण्याचा ग्लास ठेवतोस, मग नंबर विचारतोस. एक बाई म्हणाल्या, "नको हो, आत्ताच पिऊन आले." तू म्हणालास, "असू द्या. लागलं तर." त्या जाईपर्यंत तो ग्लास तू उचलला नाहीस. बाहेरच्या भिंतीला रस्त्याच्या बाजूने नळ काढून घेतलायस. मला वाटलं, दादाला समाजसेवेचं नवं खूळ लागलं.

हे पाणी सकळांस.

मी तिथे नव्हते, दादा. जे लिहितेय ते एका गाठीवरून लिहितेय, आणि चुकत असेन तर तू माझी ओळ खोडायला मोकळा आहेस. पण सकाळी ऑपरेशन ठरलं होतं, एवढं मला ठाऊक आहे. पोट रिकामं हवं होतं. तू सकाळची वाट बघत होतास. दर वेळी 'नाही' म्हणताना तू त्यांना थोडं थोडं सकाळकडे ओढत होतास. ते जाणार आहेत असं तुला कळलं असतं, तर तू आख्खी विहीर आणून त्यांच्या तोंडाशी धरली असतीस. तुला कळलं नाही, कारण तू आशा सोडली नव्हतीस. आत्याला द्यायचं उत्तर हे होतं. मला ते सापडायला एक राजा लागला.

आता आईचं. काल संध्याकाळी मी तिला दगडाची गोष्ट सांगितली. राजाचीच फक्त, बाबांचं नावही काढलं नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मग हे त्या धाकट्याने सांगितलं का कुणाला?"

"दगडावर कोरलं."

"ते झालं. आईला काय सांगितलं?"

"झोपेत गेला म्हणून."

तिने हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली. "तिला कळलं असणार," म्हणाली. "उशाशी तांब्या असल्याशिवाय यांना कधी झोप लागली होती का? घोटभर पिऊन मगच कूस बदलायचे. आणि तिथे म्हणे झोपेत गेले. तांब्याशिवाय."

"मग तू दादाला बोलली का नाहीस?"

"तो माझ्यासाठी सांगत होता गं. मी ऐकून घेतलं. त्याला वाटलं, मला कळलं तर मी कोलमडेन. मला वाटलं, मला कळलंय हे त्याला कळलं तर तो कोलमडेल." मग चष्मा वर सारून म्हणाली, "त्या राजाच्या भावाने निदान दगडाला तरी सांगितलं. आपला नुसता पाणी वाटत सुटलाय."

नळाचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं, विचारलं नाही.

पाटीचं असं ठरलं. सर पुरते बधले नाहीत, पण 'मृत्यूचे कारण निश्चित नाही' एवढं लिहू देतायत. आणि दगड आत येतोय. काचेत नको म्हटलं मी; बाजूने तिरपा दिवा लावायचा, आणि ज्याला गाठीवरून बोट फिरवायचं असेल त्याने फिरवावं. सायकलींची गैरसोय होणार म्हणून शिपाई माझ्यावर नाराज आहेत.

एक गोष्ट मात्र त्या धाकट्याची मला पटलेली नाही. आई होती तोवर तो बोलला नाही. ती गेल्यावर दगड बसवला, तो येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाचला, आणि जिने वाचायला हवा होता ती राहिली. तू तसं करू नकोस, दादा.

आई अजून रोज संध्याकाळी बाबांच्या उशाशी तांब्या भरून ठेवते आणि सकाळी तो झाडांना ओतते. विचारलं तर म्हणते, सवय. आत्ता मी लिहितेय बघून तिने आजचा तांब्या ओतायचा थांबवला. म्हणाली, "त्याला लिही, ये म्हणावं. काही सांगू नको म्हणावं. दारात आला की आधी पाणी मी देईन."

आता काही न विचारणारी,
तुझी चौकशी