गुडघ्यावरची सहा मिनिटं

प्रिय मार्सी,

खोकं आधी उघडू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, पत्र बाजूला टाकून तू पहिल्यांदा कात्रीच शोधणार. पण इतकी वर्षं एकत्र घाम गाळल्याच्या हक्कानं सांगते, आधी हे वाच. आज मंगळवार. पहाटे तीनपासून रस्त्यावरचा बर्फ सारणारा नांगर हाकून आत्ता दुपारी घरी आलेय, पायात अजून बूट आहेत, पोटात कावळे ओरडताहेत, आणि तरी मी जेवायचं सोडून लिहायला बसलेय. यावरून मी किती चिडलेली आहे ते ओळख.

तर तुझा कागद मिळाला. रविवारी सकाळी तुझ्याकडून निघताना बुटात पाय घातला तर आत घडी टोचली. संघ बदलण्याचा अर्ज. माझं नाव तू तुझ्या गोलगोल अक्षरात आधीच भरलेलं, सही तेवढी माझ्यावर सोडलेली. वर चिठ्ठी, की तिथं आता काय उरलंय नोरीन, इकडे ये, माझी वरची खोली रिकामी आहे, बर्फ डुलुथमध्येही पडतो आणि नांगर चालवणारे इथंही लागतात, शुक्रवारपर्यंत कळव. काय उरलंय ते तुला चांगलं माहीत आहे. सात जणी उरल्यात. आणि आपल्या हॉलच्या कमिटीनं बेव्हला लेखी कळवलंय की एप्रिलमध्ये सातातली एक जरी कमी झाली तर आपली मंगळवार-गुरुवारची वेळ पिकलबॉलवाल्यांना जाणार. म्हणजे मी सही केली की आपला संघ त्याच दिवशी संपला. तू आणि मी मिळून जमिनीवर खडूनं स्केटिंगचा पहिला ट्रॅक आखला होता तो संघ. हे माहीत असून तू कागद ठेवलास, याचा मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

तू आम्हाला शनिवारी सामन्याला आलो तेव्हा पाहिलंस ते तुमच्या हॉलच्या दारात, विस्कटलेल्या आणि पिंजारलेल्या. तुझ्या चेहऱ्यावर कीव होती. म्हणून आम्ही कशा आलो ते तुला सांगायलाच हवं. व्हॅन चर्चची, बाजूला मोठ्या अक्षरांत 'सर्वांचं स्वागत आहे' असं लिहिलेली. हीटर एकतर बंद नाहीतर भट्टी. पुढं माझ्याशेजारी बेव्ह, कमरेखाली उशी घेऊन. खुब्याचा सांधा बदलल्यापासून ती खेळत नाही, फक्त बाहेरून ओरडून आम्हाला खेळवते. मागं सहा जणी आणि गुडघ्या-कोपराच्या पट्ट्यांचा तो वास, त्याचं वर्णन तुला करायला नको. आर्लिसनं पहाटे उठून बावीस पास्ट्या भाजल्या होत्या, तळहाताएवढ्या त्या मांसाच्या करंज्या, भरपूर सलगम घालून. छप्पन्न वर्षांची बाई, आठवडाभर शाळेच्या भटारखान्यात तीनशे पोरांचं रांधते आणि सुट्टीच्या दिवशी आमचं. इरनवुडच्या पुढं एक नांगरवाला आमच्यापुढं लागला तो चाळीस मैल बाजूला होईचना. पात्याचा कोन साफ चुकलेला. शेवटी ओलांडताना मी काच खाली करून त्याला तसं सांगितलंही. त्यानं मला जे सांगितलं ते चर्चच्या व्हॅनमध्ये ऐकण्यासारखं नव्हतं.

अ‍ॅशलंडला पेट्रोल भरलं तिथं काउंटरवरच्या म्हाताऱ्यानं केलिनच्या हातातलं हेल्मेट पाहून विचारलं, "कसला खेळ म्हणायचा हा?" केलिन म्हणजे ती लाल वेणीवाली, तू गेल्यानंतर आलेली. तिच्याऐवजी आर्लिसच बोलली. म्हणाली, "पायाला चाकं लावून गोल फिरायचं. एकीच्या डोक्यावर ताऱ्याची टोपी. ती घुसून पुढं जायला बघते, दुसऱ्या संघाच्या चौघी तिला अडवतात. जितक्यांना मागं टाकलं तितके गुण." म्हातारा म्हणे, "आणि चेंडू?" "चेंडू नसतो." "मग ढकलता कशाला?" "एकमेकींनाच ढकलतो," आर्लिस म्हणाली, "हौस!" त्यानं तिच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि विचारलं, "नवरा काही म्हणत नाही?" आर्लिस म्हणाली, "म्हणायचा. आता दमलाय." तो इतका हसला की कॉफी सगळ्यांना फुकट मिळाली. तुझ्या चिठ्ठीतलं 'काय उरलंय' मी वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तो काउंटर आठवला.

मग तुमचा हॉल. चौदा जणी, एकसारखे जांभळे शर्ट, पाणी द्यायला वेगळा माणूस, गुडघे चोळायला वेगळा. तुमची कॅप्टन फार गोड बोलली. बेव्हला म्हणाली, "तुम्ही सातच आहात, आमच्या दोघी घ्या आजच्यापुरत्या, दम तरी खाता येईल." तू तिच्यामागं उभी होतीस आणि मान हलवत होतीस. ही कल्पना तुझीच, हो ना? बेव्ह काठी टेकत तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "बाई, आम्ही पास्ट्या वाटून खातो, कपडे वाटून घालतो. खेळाडू मात्र आमच्या घरच्याच." केलिननं शिट्टी वाजवली. आम्ही हरणार हे आम्हाला घरून निघतानाच ठाऊक होतं, मार्सी. दर फेरीला पाच जणी ट्रॅकवर आणि बाकावर फक्त दोघी. एखादी शिक्षा भोगायला बसली तर एकच. तुम्ही चौदा. दोनशे एकतीस विरुद्ध अठ्ठावन्न. बरं मग? नाकावर टिच्चून खेळलो आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळलो. तुमच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या त्या तुमच्यासाठी नव्हत्या.

आता उत्तरार्धातल्या त्या टकरीकडे येते. तू रोज फोन करतेयस आणि मी उचलत नाही, ते त्याच्याचमुळे. तारा केलिनच्या डोक्यावर होता, मी तिला वाट करून देत होते, आणि तू आतल्या बाजूनं आलीस. खांदा खाली, गुडघे वाकलेले, जसं मीच तुला शिकवलं होतं. मी उडाले आणि बरगडीवर पडले. खेळ थांबवायच्या पंचांच्या चार शिट्ट्या वाजल्या. आणि मग नेहमीसारखं, सगळ्यांनी जिथं असतील तिथं एक गुडघा जमिनीला टेकवला. पडलेली उठेपर्यंत कुणी हलायचं नाही. मी जमिनीवरून बघत होते. तू सगळ्यात जवळ होतीस आणि तुझा चेहरा पांढराफटक पडला होता.

मला कळलं तुला काय आठवलं ते. आपल्या संघातल्या टेसाचा पाय. चार वर्षांपूर्वी साध्या सरावात तुझ्या धक्क्यानं मोडला तो. अकरा दिवस तू रोज तिच्यासाठी सूप घेऊन इस्पितळात जात होतीस, आणि बाराव्या दिवशी सौनाच्या गरम वाफेत बसून मला म्हणाली होतीस की पुन्हा असं कुणाचं झालं माझ्या हातून, तर चाकं कचऱ्यात. टेसा गेल्या महिन्यात बर्फावरची तीस मैलांची शर्यत पळाली, तुला म्हणून सांगते. पण तू ते बोललीस ते गमतीनं नव्हतं, मला तेव्हाही माहीत होतं.

सहा मिनिटांनी मी उठले. ज्या खेळाडूसाठी खेळ थांबतो तिनं पुढच्या तीन फेऱ्या बाहेर बसायचं असतं, तशी बसले. तू मात्र त्यानंतर दिसलीच नाहीस. तुझ्या घरी राहायचं आधीच ठरलं होतं, तू आम्हा सगळ्यांना जागा करून दिलीस, मला तुझा पलंग दिलास आणि स्वतः सोफ्यावर झोपलीस. गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी माझ्या बरगडीवर ठेवलीस आणि एक अक्षर बोलली नाहीस. सकाळी पॅनकेक केलेस, तेही न बोलता. मग माझ्या बुटात तो कागद निघाला, आणि मीही आभार न मानता बाहेर पडले. गॅरेजजवळून सामान नेताना तुझ्या कचऱ्याच्या पिंपाचं झाकण अर्धवट उघडं होतं. फटीतून निळी नाडी लोंबत होती.

आता खरं सांगते, कारण खरं सांगायलाच बसलेय. मला काही झालं नव्हतं. दम कोंडला होता तो तीन श्वासांत सुटला. मी उठणारच होते. कोपर टेकलंही होतं. तेवढ्यात मागून आर्लिसचा श्वास ऐकू आला, जुनी मोटार थंडीत सुरू करताना करते तसा. केलिनचे ओठ निळे पडले होते. आणि सगळ्याजणी गुडघ्यावर होत्या, म्हणजे बसल्या होत्या, मार्सी, पहिल्या शिट्टीपासून पहिल्यांदाच बसल्या होत्या. मी कोपर सोडलं आणि परत आडवी झाले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं कुठं दुखतंय, तर म्हटलं, जरा थांबा. त्यांनी पोट दाबलं, डोळ्यांत बॅटरी मारली, मी आपली थांबा, थांबा. सहा मिनिटं मी माझ्या पोरींना विकत घेऊन दिली, आणि त्यांची किंमत म्हणून माझ्या तीन फेऱ्या गेल्या, त्या मी खुशीनं दिल्या. त्या तीन फेऱ्यांत आर्लिसनं केलिनच्या डोक्यावरचा तारा घेऊन स्वतःच्या डोक्यावर चढवला आणि तुमच्या अडवणाऱ्या चौघींच्या भिंतीतून घुसून आमच्या अठ्ठावन्नातले एकोणीस काढले. परतीच्या वाटेवर तिनं मला पास्टी दिली आणि हळूच विचारलं, "काय गं, झोप झाली ना तिथं?" तिला कळलं होतं. त्या सहा मिनिटांबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा पडून राहीन. पण ती भिंत आर्लिसला फोडता आली ती तू तिथं नव्हतीस म्हणून, आणि तू नव्हतीस ती आत जाऊन चाकं सोडत होतीस म्हणून. पोरींकडे बघताना मी तुझ्याकडे बघायचं विसरले. रात्री पलंगावर पडल्यापडल्या सांगायला हवं होतं. तोंड उघडलं नाही, लाज वाटली, आणि सकाळी त्या कागदाचा राग आला तो मला सोयीचाच झाला. बरगडी शाबूत आहे. तुझा धक्का नियमात होता, पंचांनी बोटसुद्धा उचललं नाही. नऊ वर्षांत मी खाल्लेला तो सगळ्यात सुरेख धक्का होता.

आता खोकं उघड. तुझी चाकं आहेत. कचऱ्यातून काढून कोटाखाली लपवून व्हॅनमध्ये घातली, दोन रात्री माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर होती. अंड्याची टरफलं पुसलीत, चाकांचे छर्रे धुऊन तेल घातलंय, उजव्या पायाचा ब्रेक झिजला होता तो नवा बसवलाय. तुझा अर्ज डाव्या बुटात घडी करून ठेवलाय, जसा मला मिळाला तसाच. फक्त माझं नाव खोडून तिथं तुझं लिहिलंय, आणि तुमच्या संघाच्या जागी आमचा. सही करायची की नाही ते तुझं तू बघ. मी माझी कुठंही करणार नाही, हे मात्र शुक्रवारची वाट न बघता आजच कळवते. चौदा एप्रिलला, दुपारी चार वाजता, तुम्ही आमच्याकडे येताय. आम्ही सात असू. त्या दिवशी तू कुठल्याही रंगाच्या शर्टात ये, पण पायात ही बांधून ये. आणि मार्सी, धक्का असाच मार. या वेळी मी लगेच उठेन.

तुझीच, आणि अजून इथलीच,
नोरीन