कंडक्टरनं वाचलेला मेल

एटापल्ली, ९ एप्रिल २००४

चूक माझीच. सोमीबाईची जखम भरेना, म्हणून डॉक्टरांच्या ई-मेल ग्रुपवर सल्ला मागितला. नाव लिहिलं नव्हतं, म्हणून निर्धास्त होते. इथं इंटरनेट नाही. माझा कागद एसटीनं जातो, चंद्रपूरचा कॅफेवाला तो टाइप करून पाठवतो आणि उत्तरं छापून कंडक्टरकडे देतो. आज कागद उघडाच आला. वर ठळक अक्षरांत 'फक्त सभासदांसाठी', खाली माझा प्रश्न, आणि कंडक्टरनं अर्थासकट अख्ख्या गाडीला वाचून दाखवलेला! साठीची बाई, मोहफुलं वेचताना अस्वल, डावा गाल. अशी दुसरी कोण आहे तालुक्यात?

फक्त सभासदांसाठी म्हणे!

संध्याकाळी तिच्या घरी गेले. म्हटलं, "बाई, तुम्हाला न विचारता लिहिलं. चुकलं माझं."

तिनं गालावरून हात फिरवला. "लिवलं त लिवलं, डाक्टरबाई. पण पयले मीनंच अस्वलाले टोपल्यानं हाणलं, थे काऊन नाई लिवलं?"

इतकी हसले! किती दिवसांनी. मग तिथंच बसून, तिला विचारून विचारून दुरुस्ती लिहिली. पाकिटात घालून डिंकानं बंदही केली. निघताना म्हटलं, या वेळीही नाव घातलेलं नाही.

"नाव कायले पायजे?" ती म्हणाली. "सगळ्यायले मालूम हाय."