शंभरपैकी शंभर

४ मार्च, सोमवार

मॅनेजरने नवीन खूळ आणलं! सुरक्षिततेचं ट्रेनिंग यापुढे अर्धं मोबाइलवर, अर्धं मशीनवर. त्याला म्हणे ब्लेंडेड लर्निंग म्हणतात. घडीच्या टेबलावरची मावशी म्हणाली, "म्हणजे मिक्सरमधून काढलेलं?" सगळ्या हसल्या. मीही.

धडे घरी बघायचे, प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग ट्रेनर येऊन मशीनवर करून घेणार. मोबाइलचं सगळं पंधरा तारखेच्या आत. "तुमच्या सेक्शनची जबाबदारी तुमची," हे माझ्याकडे बघून. लॉन्ड्रीत बारा वर्षं झाली, पण सुपरवायझर होऊन तीनच महिने.

६ मार्च, बुधवार

माझे धडे संपले. शंभरपैकी शंभर! शाळेत कधी दिसले नव्हते हे आकडे. नवरा म्हणतो, फ्रेम करून दारावर लावू. टोमणे बरे सुचतात त्याला.

१२ मार्च, मंगळवार

माझ्या सेक्शनमधल्या सातजणींपैकी एकीचंही झालेलं नाही. मावशीला बारीक अक्षर दिसत नाही. एकीचा फोन दिवसभर सासऱ्यांकडे. आणि धाकटी! माझी धाकटी जाऊ, मीच तिला इथे चिकटवलं. ती काय म्हणते? "ताई, तो व्हिडिओतला माणूस बोलायला लागला की मला झोपच येते हो."

मॅनेजर दिवसातून दोनदा विचारतो. काय तोंड दाखवू?

१४ मार्च, गुरुवार

करून टाकलं. सगळ्यांचे पासवर्ड मीच तयार करून दिले होते. जेवणाच्या सुट्टीत कपाटांच्या खोलीत बसले आणि सातही परीक्षा एकटीने उरकल्या. चौथीनंतर प्रश्न वाचायचीही गरज पडली नाही. मशीनमध्ये कपडा अडकला तर? मेन स्विच बंद, त्यावर आपलं कुलूप, किल्ली आपल्याजवळ, मग हात. सात वेळा टिचकी मारली.

मॅनेजर खूश. सगळ्यात आधी आमचा सेक्शन!

१९ मार्च, मंगळवार

ट्रेनर आला. उंच, वाकून चालणारा, खांद्याला कुलपांनी भरलेली पिशवी. प्रत्येकीला एक लाल कुलूप आणि त्याची एकुलती एक किल्ली दिली. धाकटी कानात कुजबुजली, "हे सायकलला चालेल का?"

मग ट्रेनर मला म्हणाला, "तुम्ही माझी पंचाईत केलीत. ज्याचं जे चुकतं, ते मी मशीनवर हाताने करून घेतो. तुमच्याकडे कुणाचं काही चुकलेलंच नाही!"

नव्वदच्या वर मार्क असले की इस्त्रीच्या रोलरचा सराव माफ. धुलाईच्या सेक्शनमधले चाळीस-पन्नासवाले दोन तास अडकलेली चादर काढत होते, परत अडकवत होते, परत काढत होते. माझ्या सातजणी चहा पीत बघत होत्या. मला तो चहा गेला नाही.

२० मार्च, बुधवार

आज हॉस्पिटलची एक चादर इस्त्रीच्या रोलरमध्ये गोळा झाली. धाकटीने लाल बटण दाबलं आणि सरळ हात घातला, कोपरापर्यंत! लाल बटणाने रोलर नुसता थांबतो. पलीकडून कुणी हिरवं दाबलं की सुरू. हे तिच्या नावावर मी बरोबर लिहिलंय. तिला ठाऊकच नाही!

मी ओरडले. ती बघतच राहिली. "ताई, तुम्हीही असंच काढता की."

काढते. पण मला माहीत तरी आहे.

तिला कामावर लावताना दिराला शब्द दिला होता – भावजी, माझ्या नजरेखाली आहे ती, काळजी सोडा.

२१ मार्च, गुरुवार

सांगितलं तर पद जाणार. नाही सांगितलं तर – धाकटीचा तो हात डोळ्यांसमोरून हलत नाही.

२२ मार्च, शुक्रवार

सांगितलं. मॅनेजरच्या टेबलासमोर उभी राहून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." माझीही नव्हती.

मग ट्रेनरला बोलावून घेतलं. त्याने लॅपटॉप उघडून सातही निकाल पुसले. मग विचारलं, "आणि तुमचे शंभर?"

"ते माझे आहेत. खरे."

"मग ते राहू दे."

किती बरं वाटलं त्या एका वाक्याने! लाज वाटते लिहायला.

२७ मार्च, बुधवार

सातजणींनी आपापली परीक्षा दिली. मावशीला मी प्रश्न मोठ्याने वाचून दाखवले, उत्तरं तिची. एकसष्ट! धाकटीला अडतीस. तोंड एवढंसं झालं तिचं. ट्रेनर मात्र खूश – "आता मला काम मिळालं."

२ एप्रिल, मंगळवार

सराव झाला. धाकटीकडून सोळा वेळा करून घेतलं. स्विच, कुलूप, किल्ली, हात. दहाव्या वेळी ती रडकुंडीला आली, पंधराव्या वेळी झोपेतही करील असं वाटलं. मी बाजूला उभी राहून हजेरी लिहीत होते. शंभरवाल्यांची नावं यादीत नसतात.

ट्रेनर म्हणाला, "येताय का, एकदा?" म्हटलं, मला येतं हो.

५ एप्रिल, शुक्रवार

पद गेलं. सोमवारपासून परत रोलरवर, धाकटीच्या शेजारी. ती दिवसभर माझ्याशी फार जपून बोलली. त्याचाच जास्त त्रास झाला.

९ एप्रिल, मंगळवार

अकराच्या सुमारास चादर अडकली. मी लाल बटण दाबलं आणि हात घातला. विचारसुद्धा आला नाही मनात. रोलर का थांबला म्हणून पलीकडच्या नव्या माणसाने हिरवं दाबलं. मला त्याचा अंगठा दिसला, बटणावर.

रोलर हलला नाही. मेन स्विचवर धाकटीचं लाल कुलूप होतं, किल्ली तिच्या मुठीत. "ताई, आधी हात बाहेर काढा."

हे उजव्या हातानेच लिहितेय.